दोन ओटे

पहाटे ५.१५

गजर मनगटावरच्या पट्ट्याचा आहे. तो वाजत नाही, नुसता थरथरतो, म्हणजे ह्यांची झोप मोडत नाही. डिसेंबरातला माळवा. फरशीला पाय लागला की उरलीसुरली झोपही उडते. या वेळी आमच्या गल्लीत दोनच बायका जाग्या असतात, सासूबाई आणि मी. खाली बादलीची कडी वाजते. आपल्या दारात सडा घालून झाला की सासूबाई शेजारच्या ओट्याकडे वळतात. शेजारच्या काकू चार वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्याला गेल्या. कुलपाला गंज चढलाय, किल्ली आमच्या खुंटीवर असते. तरी रोज त्या ओट्यावर सडा पडतो आणि चार बोटांची रांगोळी निघते. मी एकदा विचारलं होतं, "आई, तिथं कोण बघायला येणार?" त्या म्हणाल्या, "बघावं म्हणून कोण काढतंय? घर बंद आहे असं वाटायला नको, एवढंच."

माझा केर वरच्या माडीवर आहे. संगणक सुरू केला की पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसते : दुपारचे ३.४५, रविवार. 'सेकंड लाइफ' नावाच्या जगाचं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या वेळेवर चालतं. आमच्या बदनावरात सोमवार उजाडायचाय आणि तिथं रविवार कलायचाय. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका आपली घड्याळं एक तास मागं घेते, आणि त्यामुळे धार जिल्ह्यातल्या एका बाईला मार्चपर्यंत रोज एक तास जास्त झोप मिळते. या कामातली हीच काय ती हिवाळी रजा.

लिंडेन लॅब या सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीनं हे जग २३ जून २००३ रोजी उघडलं. बाहेरचे याला खेळ म्हणतात, आतले म्हणत नाहीत. इथं जिंकायचं काही नसतं, गुण नसतात, शेवटचा राक्षस नसतो. कंपनी रिकामी जमीन देते. घरं, झाडं, कपडे, चालायची ढब, हे सगळं राहणाऱ्यांनी बनवायचं. म्हणूनच इथल्या माणसांना खेळाडू न म्हणता रहिवासी म्हणतात. जमिनीचा एक पूर्ण तुकडा २५६ मीटर गुणिले २५६ मीटर असतो, म्हणजे साडेसहा हेक्टर, आमच्याकडच्या हिशोबात पंचवीस-तीस बिघे. असा एक तुकडा मी सांभाळते. मालकीण कॅनडात असते. ती कंपनीला दरमहा दोनशेहून जास्त डॉलर भरते आणि भाडेकरूंकडून ते वसूल करते. मी कारभारीण.

पहिलं काम झाडलोट. रात्रीतून लोक काय काय टाकून जातात! न उघडलेल्या कपड्यांच्या पेट्या, एका पायातला बूट. परवा पिंपळाखाली एक आख्खा हत्ती उभा होता. प्रत्येक वस्तू निवडायची आणि 'परत पाठव' दाबायचं, की ती धन्याच्या हरवलं-सापडलंच्या कप्प्यात जाऊन पडते. मग जमिनीची नाडी बघायची. सेकंदाला ४५ ठोके पडत असले तर प्रकृती ठणठणीत. आकडा घसरला की कुणीतरी जड यंत्र चालवून ठेवलंय असं समजायचं आणि ते शोधत फिरायचं.

सकाळी ६.३०

तिकडचे संध्याकाळचे पाच. आमच्या चौकातल्या वडाखाली गोल ओटा आहे. दर रविवारी तिथं सभा भरते. येणारा माणूस आधी ढग असतो. अवतार पुरता उतरेपर्यंत पडद्यावर नुसता वाफेचा पुंजका तरंगतो, मग राखाडी आकृती, मग कपडे. आपण मात्र ढगालाच नमस्कार करतो, कारण डोक्यावरचं नाव आधी दिसतं. आज वीस-बावीस जण आहेत. निळ्या छत्रीची बाई. जाकीट घातलेला कोल्हा. मांजराएवढा ड्रॅगन. ब्राझीलचा एक गृहस्थ भाषांतराचं यंत्र लावून बोलतो आणि त्याचे विनोद आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर सुविचार झालेले असतात.

सभेचा रिवाज एवढाच, की या आठवड्यात आपण काय दुरुस्त केलं ते प्रत्येकानं सांगायचं. नळ, शिवण, भावाशी तुटलेलं बोलणं, काहीही. सगळं लिहून, आवाजात नाही. लिहिताना अवताराचे हात आपोआप वर येतात आणि हवेत बोटं चालवतात, टकटक ऐकू येते, त्यामुळे कुणाला बोलायचंय ते कळतं. २००७ साली या जगात आवाजाची सोय आली तेव्हा बऱ्याच रहिवाशांनी नाकं मुरडली होती. ऐकू न येणाऱ्यांची पंचाईत होणार होती. ज्यांचा आवाज अवताराच्या रूपाशी जुळत नव्हता त्यांचीही. आमच्या चौकात तेव्हापासून लेखी कारभार आहे. माझीही सोय होते. माझ्या मागं कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या हे टोरांटोला कळत नाही.

ओट्यावर बसायच्या जागा चोवीस. बसायचं म्हटलं की यंत्रच पुढची मोकळी जागा देतं. आज कोल्ह्याला यंत्रानं वडाच्या बुंध्यालगतची जागा दिली. तो क्षणभर बसला, उठला आणि फेरा मारून दुसरीकडे जाऊन बसला. ती जागा बगळ्याची. बगळा म्हणजे राखी पिसांचा, काठी टेकत चालणारा रहिवासी. सभेत पहिलं वाक्य त्याचं असायचं, आणि ते एकच असायचं. शेवटचं होतं, "मागच्या दाराची कडी बसवली." त्यानंतर आजचा तिसरा रविवार. त्याच्याविषयी कुणी काही विचारलं नाही. निळ्या छत्रीनं टोस्टर दुरुस्त केल्याचं सांगितलं.

सकाळी ७.४५

शालीचं मुटकुळं करून मी खाली उतरते. सासूबाई वर बघतात आणि म्हणतात, "अगं, काय हा अवतार!"

रोज म्हणतात, रोज मला हसू येतं. पडद्यावरच्या बाहुलीला अवतार म्हणायची पद्धत रुळवली ती लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' या १९८६ सालच्या जगानं. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी ते साध्या फोनच्या तारेवर चालवलं होतं. त्यांना शब्द सापडला तो देवांच्या येण्याजाण्याचा. आमच्या घरी त्या शब्दाचा जो अर्थ आहे, विस्कटलेले केस आणि उलटा स्वेटर, तो त्यांना कुणी सांगितलेला दिसत नाही.

नवं नाव घेऊन नव्या जगात शिरायचं मला काही नवीन नव्हतं. २००९ साली पुण्याहून लग्न होऊन इथं आले, तेव्हा ताटातल्या तांदळावर ह्यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. आडनावासकट सगळं बदललं. पोहे सकाळी गाडीवरून आणायचे असतात आणि त्यावर शेव पडल्याशिवाय ते पोहे नसतात, हे शिकले. रतलाम चाळीसेक किलोमीटरवर, त्यामुळे शेवेच्या बाबतीत इथं कुणी तडजोड करत नाही. घरात मराठी, ओट्यावर हिंदी, बाजारात माळवी. कुठल्या उंबऱ्यावर कुठली भाषा उतरवून ठेवायची, ते पहिल्या वर्षात अंगवळणी पडलं. पुढं 'सेकंड लाइफ'मध्ये शिरले तेव्हा जुन्या रहिवाशांनी विचारलं, रुळायला जड गेलं का? मी म्हटलं, सासर त्याहून अवघड होतं, तिथं उडता येत नव्हतं.

सकाळी ९.३०

बांधकाम. हे माझं खरं शिक्षण आणि खरी आवड. मी वाडे बनवते. खांब, तुळया, कडीपाट, कोनाडे. 'ब्लेंडर' या संगणकावरच्या साधनात आकार घडवायचा, वरून दगडा-लाकडाचे फोटो चढवायचे, मग तिकडे उतरवायचा.

पहिला वाडा मी इमानदारीनं बांधला, दहा फुटांची उंची, तीन फुटांचा दरवाजा. कुणाला आत नीट वावरताच येईना. कारण इथं माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघत नाही. त्याची नजर अवताराच्या मागं, डोक्याच्या वर तरंगत असते. खोली खऱ्या मापाची केली की ती नजर भिंतीबाहेर जाते आणि दिसतो फक्त गिलावा. म्हणून छत सोळा फुटांवर न्यायचं, दार दुपटीनं रुंद करायचं, आणि तरीही बघणाऱ्याला ते ठेंगणं, सावलीचं, आजोळचं वाटलं पाहिजे. खोटं माप धरून खरं वाटवणं, यातच सगळी कारागिरी. शिवाय वजनाची मर्यादा. या जमिनीवर सगळं मिळून वीस हजार एककांचा भार चालतो, आणि वेलबुट्टीचा एक खांब बेफिकीर बनवला तर एकटाच दोनशे खातो.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यात शिरत नव्हती. या लोकांना पाऊस भिजवत नाही, तरी छप्पर मागतात. भूक नाही, तरी स्वयंपाकघर मागतात. पाय दुखत नाहीत, तरी पहिली मागणी बसायच्या जागेची. मी सुंदर बाग केली, कारंजं केलं. लोक यायचे, फोटो काढायचे, जायचे. मग बाकांच्या रांगा केल्या. तिथं बसलेली माणसं एसटीची वाट बघत असल्यासारखी दिसायची. शेवटी एक दिवस टेप घेऊन शेजारच्या काकूंच्या ओट्यावर गेले. उंची, खोली, पुढं आलेली कड, सगळं मोजलं, दगडाचे फोटो काढले आणि तोच ओटा वाकवून वडाभोवती गोल फिरवला. त्या आठवड्यात लोक पहिल्यांदा काही कारण नसताना थांबले. ओट्यावर बसलेल्याला कुणी "इथं का बसलात?" असं विचारत नाही, म्हणून असेल.

फोटोत सासूबाईंच्या रांगोळीचा पुसट ठसा आला होता. पुसून टाकणार होते. राहू दिला. तिकडे कुणी विचारलं तर सांगते, हा कारखान्याचा शिक्का.

सकाळी ११.३०

लाइट गेली. इन्व्हर्टरवर संगणक ओढत नाही. ह्यांचा डबा घेऊन दुकानावर जाते. आमचं खत-बियाणांचं दुकान आहे. गव्हाला पहिलं-दुसरं पाणी चाललंय, लसूण उभा आहे, त्यामुळे गर्दी युरियाची. दुकानाबाहेरच्या बाकड्यावर मात्र चर्चा जमिनीच्या भावाची. तालुक्यातल्या भैंसोला गावात पी. एम. मित्र वस्त्रोद्योग पार्क होतंय. १७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. दोन हजारांहून जास्त एकर. एक भाऊसाहेब मोबाइलवर आराखडा मोठा करून दाखवत होते. इथं सूतगिरणी, इथं रस्ता, इथं पाण्याची टाकी. सगळे त्या पडद्यावर बोट ठेवून, जणू तिथून चालत, बोलत होते. एकानं तर "माझ्या मुलाची खोली इकडच्या अंगाला बघू," असंही म्हटलं.

ह्यांचे एक मित्र मला नेहमी चिडवतात. आजही म्हणाले, "वहिनी, तुमची ती हवेतली शेती काय म्हणते?"

"पिकतेय," मी म्हटलं. "तुमच्या मोबाइलमधली कधी पिकणार?"

बाकडं हसलं. पण खरंच, जे अजून उभं नाही त्यात चालता येणं, त्यात आपली खोली ठरवणं, हे काही माझ्या एकटीचं वेड नाही. सगळा तालुकाच सध्या तिथं राहतोय. भिंती नंतर येतील.

दुपारी १.३०

जेवणं. सासूबाईंचं माहेर देवासचं. आज सोमवार, त्या बैजनाथाला जाऊन आल्यात. परमारांच्या काळातलं हे देऊळ आमच्या गावाचा खरा अभिमान. उपास असल्यानं त्यांचं ताट लहान आणि गप्पा लांब.

देवासची एक गोष्ट त्यांच्याकडून ऐकावी. पवार बंधूंनी अठराव्या शतकात तिथं राज्य केलं आणि पुढं त्याची दोन झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव मात्र एकच. टेकडी एकच. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार, रस्त्याच्या अलीकडे थोरलीची हद्द आणि पलीकडे धाकटीची. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा चिटणीस होता. पुढं १९५३ मध्ये त्यानं त्यावर 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक लिहिलं. सासूबाईंनी पुस्तक वाचलेलं नाही, पण त्यांच्या आजीला कुठल्या गल्लीत कुठल्या महाराजांचा जयजयकार करायचा ते पाठ होतं.

माझं काम कुणाला समजावून सांगायचं झालं तर मी देवासच सांगते. एकाच नकाशावर दोन राज्यं असू शकतात आणि माणसं दिवसातून दहा वेळा, हातात भाजीची पिशवी घेऊन, एकातून दुसऱ्यात जातात. त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. विशेष वाटतं ते इंग्लंडहून आलेल्या चिटणीसाला.

दुपारी ३.३०

हिशोब आणि तक्रारी. तिकडचं चलन लिंडेन डॉलर, साधारण अडीचशे लिंडेनचा एक अमेरिकन डॉलर. माझा लहान ओटा ३५० लिंडेनला जातो, म्हणजे सव्वाशेच्या आतबाहेर रुपये. त्यात महिन्याचा किराणा आणि मुलाची फी निघते, बंगला होत नाही. विकताना प्रत्येक वस्तूवर तीन खुणा ठरवाव्या लागतात : घेणाऱ्याला तिची नक्कल करता येईल का, तिच्यात बदल करता येईल का, ती दुसऱ्याला देता येईल का. नक्कल करू दिली तर सहसा दुसऱ्याला देऊ देत नाहीत, नाहीतर धंदा बुडाला. नोव्हेंबर २००६ मध्ये 'कॉपीबॉट' नावाचं नक्कल करणारं साधन पसरलं, तेव्हा तिथल्या कित्येक दुकानदारांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवली होती. हे ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बंदच पुकारला की!" तेव्हापासून माझ्या कामाला दुकान म्हणतात.

आजची तक्रार अशी : दोन नंबरच्या घरातली भाडेकरीण म्हणते, शेजारी भिंतीतून आत बघतो. इथं ते शक्य आहे. अवतार बाहेर उभा ठेवून नजर आत सरकवता येते. कायद्यानं गुन्हा नाही, रिवाजानं असभ्यपणा आहे. हकालपट्टीचं बटण माझ्या हातात आहे, एका टिचकीचं काम. म्हणूनच मी ते सहसा दाबत नाही.

या बाबतीत जुनं उदाहरण 'लॅम्डामू'चं. पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये सुरू केलेलं हे नुसत्या शब्दांचं जग होतं, चित्र एकही नाही. १९९३ मध्ये तिथल्या एका पात्रानं यंत्राच्या युक्तीनं इतरांच्या पात्रांवर अत्याचार केल्याचं वर्णन भर दिवाणखान्यात लिहिलं. शब्दच होते, पण ज्यांच्या नावानं लिहिले त्या बायका खऱ्याखुऱ्या हादरल्या. व्यवस्थापकांनी त्याआधीच सामाजिक भांडणांतून अंग काढून घेतलं होतं. मग रहिवाशांची सभा बसली, तासन्‌तास खल झाला, निकाल लागला नाही, आणि शेवटी एका व्यवस्थापकानं स्वतःच्या मनानं ते पात्र पुसून टाकलं. त्यानंतर तिथं अर्ज आणि मतदानाची पद्धत आली. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. मला त्यातली सभा महत्त्वाची वाटते. तिनं काही ठरवलं नाही हे खरं. पण ती बसली तेव्हाच, इतके दिवस एका यंत्रात शिरणारी माणसं आपल्याला एकमेकांचे शेजारी म्हणू लागली.

मी दोघांना उद्या ओट्यावर बोलावलंय.

संध्याकाळी ५.३०

चिरंजीव शाळेतून येतात आणि कानात बोंडं घालतात. वय पंधरा. त्यांचं जग म्हणजे 'बीजीएमआय' हा मोबाइलवरचा खेळ. चार जणांची तुकडी : एक गल्लीतला, एक मामेभाऊ पुण्याचा, एक कोण ते मला माहीत नाही. त्या तिसऱ्याविषयी मी दर आठवड्याला विचारते आणि दर आठवड्याला तोंड वाकडं होतं. बिनओळखीच्याला फोटो द्यायचा नाही, पैसे भरायचे नाहीत, दहाला बंद. मुलीच्या आवाजाचं कुणी तुकडीत आलं की काही पोरं काय बोलतात, ते मी एकदा कानांनी ऐकलंय. त्या दिवशी घरात जे झालं त्याची आठवण त्याला अजून आहे.

पण एक दृश्य मी विसरत नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी होतं. ३० ऑक्टोबरला कंपनीनं भारतातली सेवा थांबवली. त्या रात्री आमच्या गल्लीतली मोठी मुलं खेळत नव्हती. खेळाआधीच्या थांब्यावर आपापली बाहुली उभी करून नुसती बोलत होती. शाळा-कॉलेजं बंद, टपऱ्या जेमतेम उघडलेल्या. त्यांना भेटायला दुसरी जागाच नव्हती. पुढं २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ बीजीएमआय या नावानं आला, २०२२च्या जुलैत पुन्हा गेला, २०२३च्या मेमध्ये पुन्हा आला. आता पुण्याच्या सुपरगेमिंगचा 'इंडस'ही आहे, ऑक्टोबर २०२४ पासून. घरात पक्षपात नको म्हणून मामेभाऊ तोही खेळतो.

सुरक्षेचं कारण खरं असेल, व्यसनाची भीती तर माझीही आहे. पण तंबू उठला की त्यात राहणाऱ्यांना कुणी विचारत नाही, हेही खरं. बदनावरच्या पोरांनी ते पंधराव्या वर्षी बघितलं.

संध्याकाळी ७.००

दिवेलागण. तुळशीपाशी दिवा, देवापाशी दिवा. सासूबाईंची भजनी मंडळी आज व्हिडिओवर. इंदूरच्या दोन, देवासची एक, पुण्याहून शेजारच्या काकू. चौघींच्या टाळ्या चार वेगळ्या क्षणी पडतात, नेटवर्कमुळे. कुणी तक्रार करत नाही. भजन संपल्यावर काकू विचारतात, "माझा ओटा कसा आहे गं?" सासूबाई मोबाइल घेऊन दारापर्यंत जातात आणि अंधारात काही न दिसणारा ओटा दाखवतात. काकू म्हणतात, "छान आहे."

रात्री १०.३०

जेवण, भांडी, उद्याची भाजी निवडून झाली. घर निजलं. तिकडचे सकाळचे नऊ, पण या वेळी येतो तो युरोप. त्यांची कामं सुटलेली असतात. चौकात सात-आठ जण. दोघांच्या माना छातीवर पडलेल्या. माणूस यंत्रापासून उठून गेला की अवतार असा पेंगतो. कुणी त्यांना हलवत नाही. पोळी उलटायला गेले असतील.

माझ्या डोक्यात सकाळपासून बगळा. त्याचं लहान घर तळ्याकाठी आहे. दाराशी भाड्याची पेटी आहे, आठवड्याला ३०० लिंडेन. माझ्या वहीप्रमाणे तिची मुदत आज रात्री साडेअकराला संपते. त्यानंतर तीन दिवसांची सवलत आणि मग नियम स्पष्ट आहे. घरातलं सामान निवडायचं, 'परत पाठव' दाबायचं. हत्तीला लावला तोच न्याय. त्याची खुर्ची, कंदील, नव्या कडीचं मागचं दार, सगळं हरवलं-सापडलंच्या कप्प्यात जाईल आणि तो कप्पा उघडायला कुणी असेल की नाही हे कळणार नाही. त्याचं खरं नाव मला माहीत नाही. देश माहीत नाही. पत्र टाकायला पत्ता नाही.

अशा वेळी मला नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची आठवण येते. स्नायू झिजत जाणारा ड्यूशेन आजार. शेवटची वर्षं बव्हंशी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये गेली, तिथं त्याचं नाव इबेलिन. आईवडिलांना वाटायचं, पोरगा एकटा पडला. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या जुन्या ब्लॉगवर बातमी लिहिली आणि युरोपभरातून पत्रं येऊ लागली. त्याच्या मंडळातली काही माणसं तर अंत्यविधीला हजर राहिली. कुणाला त्यानं आईशी बोलायला लावलं होतं, कुणाला नैराश्यातून ओढलं होतं. त्याच्यावरचा बेंजामिन री यांचा माहितीपट २०२४ मध्ये आला. मी तो बघितला आणि मला रडू आलं ते वडिलांसाठी. त्यांच्याकडे परवलीचा शब्द होता म्हणून कळलं. बगळ्याच्या घरी तो कुणाकडे असेल?

रात्री ११.२५

तळ्याकाठी जाते. उडत नाही, चालत जाते. घर अंधारात. दाराची कडी खरंच नवी दिसते, म्हणजे त्या आठवड्यात त्यानं दोन्हीकडे बसवली होती की काय. पेटीवर टिचकी मारते. मुदत शून्याच्या जवळ असायला हवी होती.

शिल्लक ४१ दिवस.

आधी वाटलं, तो येऊन गेला. मग नोंद उघडली. निळी छत्री, ५० लिंडेन. कोल्हा, ५०. मांजराएवढा ड्रॅगन, ५०. ब्राझीलचा गृहस्थ, १०० आणि वर एक ओळ, यंत्रानं भाषांतर केलेली, अर्थ लागत नाही. मग पुन्हा निळी छत्री, पुन्हा कोल्हा. तीन आठवड्यांची यादी. कुणी कुणाला सांगितलेलं नाही. सकाळी ओट्यावर टोस्टरविषयी बोलत होते ते हेच सगळे.

नियमाप्रमाणे भाडं कुणीही भरू शकतं. मी पन्नास टाकले. ४१चे ४२ झाले.

यंत्र बंद करून खाली उतरते. दाराशी सकाळची बादली भरून ठेवलेली आहे, तिच्या झाकणावर रांगोळीची डबी. डबी हलकी लागते. फडताळातलं पुडकं काढून मी ती भरून ठेवते आणि गजर लावते, ५.१५चा.